कै. डॉ. द्वारकानाथ कोटणीस व सांध्यांचें महत्त्व

मागाचा खटखटाट ज्यानें ऐकला नाहीं असा विद्यार्थी आपल्या सोलापुरांत विरळाच. मागाचे फिरते भाग कोरडे पडले कीं ते झिजतात व माग अडतो. म्हणून त्यांना वेळोवेळीं तेल द्यावें लागतें. मनुष्यदेहाची रचनाहि अशीच आहे. या देहाची मोडतोड दुरुस्त करण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत त्यांनीं वैद्यकाचें शिक्षण घेतलें. १९३८ सालीं राष्ट्रीय सभेनें जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या साह्यार्थ पांच डॉक्टरांचें पथक धाडिलें. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी व आपले कोटणीस हे इतर चौघे. ता. १ सप्टेंबर १९३८ रोजीं पथकानें मुंबई सोडली व पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत तें येनानला पोंचलें.

युद्धांत बहुतेक जखमा हातापायांना होतात, आणि हातपाय चालतात ते सांध्यांच्या बळावर. कोपर दाराच्या बिजागरीप्रमाणें पुढेंमागेंच फिरतें. खांदा व खुबा यांत मात्र वाटींत गोळा बसविलेला असतो. म्हणून ते चहूंकडे फिरतात. सांध्यांतील हाडांचीं टोकें गुळगुळीत कूर्चेनें मढविलेलीं असतात. त्यांच्याभोंवतीं एक पिशवी असून तिच्या अस्तरांतून वंगणासारखा द्रव पाझरतो. चिवट अस्थिबंध हाडांस जागेवरून निसटूं देत नाहींत, आणि स्नायु आंखडला म्हणजे हाड हलतें.

या पिशवींत गोळीबरोबर घाण शिरली तर पू होतो, कूर्चा नष्ट होते व कित्येकदां हाडें एकमेकांस जखडून सांधा कायमचा ताठतो. विष अंगांत भिनूं लागलें तर जीव वांचविण्यासाठीं अवयवच कापावा लागे, कारण पेनिसिलिन तेव्हां तेथें पोंचलें नव्हतें. जखम लौकर उघडून धुणें व हाड फळीस बांधून स्थिर ठेवणें हेच मुख्य उपाय होते. शस्त्रवैद्यास एका प्रहराचा उशीर झाला तर तरुण शिपाई जन्माचा पंगु होई. म्हणूनच १९४० च्या लढाईंत डॉ. कोटणीस सतत बहात्तर तास शस्त्रक्रिया करीत राहिले असें जें सांगतात, त्याचें मोल आम्हांस फार वाटतें.

ते चीनमध्यें असतांनाच इकडे त्यांचे वडील वारले. घरीं परतावें कीं जखमींजवळ राहावें, हा प्रश्न किती कठीण असेल याची कल्पना पालकांनीं करावी. ते तेथेंच राहिले. कानडाचे शस्त्रवैद्य डॉ. बेथ्यून हे १९३९ सालीं बोटास झालेल्या जखमेंतून रक्त दूषित होऊन मरण पावले होते. त्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे डॉ. कोटणीस १९४१ सालीं संचालक झाले. चिनी भाषा शिकून त्यांनीं विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकविलें. त्याच सालीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांस पुत्र झाला; भारत व चीन या दोन्ही देशांच्या चिनी नांवांतील अक्षरें जोडून त्याचें नांव यिनह्वा ठेविलें.

परंतु इतरांचे देह सावरणाऱ्या या डॉक्टरांस स्वतःच्या देहानें साथ दिली नाहीं. अपस्माराचे झटके येत असतांहि त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि ता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पथकांतील इतर चौघे स्वदेशीं परतले. कोटणीस परतले नाहींत. चीनमध्यें त्यांची समाधि आहे व सोलापुरांत त्यांचें स्मारक आहे.

विद्यार्थिमित्रहो, क्रीडांगणावर धांवतांना आपले गुडघे किती बिनबोभाट काम करितात याचें स्मरण असूं द्या. आणि आपल्याच गांवच्या एका पुत्रानें परक्यांचे हातपाय शाबूत राहावे म्हणून आपला देह झिजविला, हेंहि विसरूं नका.