चाके पोटात घेणारे विमान : वॉल्टर बीच

राइट बंधूंचे नाव तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. बोइंग हे एका माणसाचे आडनाव होते, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण बीच म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो, आणि त्यावर बसून खायची भेळ. म्हणून आज या दुसऱ्या बीचबद्दल लिहितो. हवाई दलातली माझी बरीचशी नोकरी विमानाच्या अंडरकॅरेजशी, म्हणजे चाके, त्यांचे पाय आणि ते वर-खाली करणारी यंत्रणा यांच्याशी झटापट करण्यात गेली. त्यामुळे या माणसाकडे माझा कल जरा जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वॉल्टर बीच यांचा जन्म 30 जानेवारी 1891 रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, पुलास्की या गावी झाला. लहानपणी त्यांनी घरातल्या चादरी वापरून ग्लायडर केले होते, असे सांगतात. (चादरींबद्दल आई काय म्हणाली असेल, हे पालकांना सांगायला नको.) 1914 मध्ये त्यांनी पहिले एकट्याचे उड्डाण केले आणि 1917 मध्ये ते सैन्याच्या हवाई विभागात भरती झाले. युद्ध संपल्यावर अनेक वैमानिकांवर आली तीच वेळ त्यांच्यावरही आली. गावोगाव विमान उतरवायचे, लोकांना पैसे घेऊन चक्कर मारून आणायची आणि पुढच्या गावाला निघायचे.

1921 मध्ये ते कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात आले आणि तिथलेच झाले. सपाट माळरान, भरपूर वारा आणि नुकताच तेलाच्या विहिरींतून आलेला पैसा, अशी विमान बांधायला सोयीची जागा होती ती. 1925 मध्ये त्यांनी क्लाइड सेस्ना आणि लॉइड स्टिअरमन यांच्यासह ट्रॅव्हल एअर ही कंपनी काढली. पुढे तिघांच्याही नावाने स्वतंत्र कारखाने निघाले. एका छताखाली अशी तीन माणसे क्वचितच जमतात. 1927 साली कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांपर्यंत समुद्रावरून उडण्याची शर्यत झाली. तिच्यात माणसे आणि विमाने गेली. पहिले पोहोचले ते ट्रॅव्हल एअरचे विमान.

याच कंपनीत ओलिव्ह अ‍ॅन मेलर नावाची तरुणी हिशेब आणि पत्रव्यवहार पाहायला लागली. विमानाचे भाग कळेनात, म्हणून तिने मुख्य अभियंत्याकडून प्रत्येक भागाचे नाव लिहिलेली आकृती काढून घेतली आणि ती पाठ केली. 1930 मध्ये तिचे आणि वॉल्टर यांचे लग्न झाले. ही आकृतीची गोष्ट मी नव्या तुकडीला दरवर्षी सांगतो.

1929 मध्ये ट्रॅव्हल एअर कर्टिस-राइट या बड्या कंपनीत विलीन झाली आणि बीच साहेबांच्या वाट्याला खुर्ची, टेबल आणि पगार आला. तो त्यांनी 1932 मध्ये सोडला. मंदी अशी होती की धडधाकट कारखाने बंद पडत होते, आणि हे पती-पत्नी विचिटाला परतून नवा कारखाना काढत होते. तोही स्वस्त विमानांचा नव्हे. त्यांना हवे होते चार-पाच माणसे आरामात नेणारे, ताशी 200 मैल वेग गाठणारे आणि तरीही लहान धावपट्टीवर सावकाश उतरणारे विमान. टेड वेल्स या अभियंत्याने ते आखले. दोन पंखांच्या या विमानात वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकवलेला होता, म्हणून त्याला स्टॅगरविंग म्हणू लागले. 4 नोव्हेंबर 1932 रोजी ते पहिल्यांदा उडाले.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. पहिल्या स्टॅगरविंगची चाके मोठ्या आवरणांत झाकलेली, पण खाली लोंबणारीच होती. 420 अश्वशक्तीच्या इंजिनावर ते ताशी सुमारे 200 मैल जाई; पण महाग पडे आणि गिऱ्हाईक मिळेना. 1934 मध्ये बीच यांनी चाके पोटात घेणारे रूप आणले आणि त्यातल्या एका प्रकाराला 225 अश्वशक्तीचे साधे इंजिन बसवले. त्याचा वेग होता सुमारे 175 मैल. शक्ती जवळजवळ निम्मी झाली, वेग मात्र थोडाच घटला. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. त्यापेक्षा विरोध कमी करावा. आणि चाके तर उड्डाणात निव्वळ ओझे. ती आत ओढली की इंधन वाचते आणि पल्ला वाढतो. 1936 मध्ये लुईस थेडन आणि ब्लँच नॉइस या दोघींनी स्टॅगरविंग घेऊन बेंडिक्स ही अमेरिका ओलांडण्याची शर्यत जिंकली, पुरुष स्पर्धकांना मागे टाकून.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्याला हजारो प्रशिक्षण विमाने दिली. 1940 मध्ये बीच मेंदूच्या आजाराने रुग्णालयात होते, आणि त्याच काळात ओलिव्ह अ‍ॅन बाळंतपणासाठी. तिथूनच त्यांनी कारभार हाकला.

22 डिसेंबर 1945 रोजी बोनान्झा उडाले. एक इंजिन, चार आसने, सगळे शरीर धातूचे, शेपटीला तीनऐवजी व्ही आकारातले दोनच पृष्ठभाग, आणि बटणासरशी तिन्ही चाके आत. किंमत 8,000 डॉलरच्या आतबाहेर. ते हाती येण्यापूर्वीच लोकांनी दीड हजाराच्या आसपास नोंदण्या केल्या. विमान बाळगणारा सामान्य माणूस, म्हणजे डॉक्टर, व्यापारी, मोठा शेतकरी, आता स्वतःच्या विमानातून लांबच्या गावी जाऊन संध्याकाळी घरी परतू शकत होता. मार्च 1949 मध्ये विल्यम ओडम यांनी होनोलुलूहून न्यू जर्सीपर्यंत जवळजवळ 5,000 मैलांचे अंतर न थांबता 36 तास 2 मिनिटांत कापले. इंधनाचा खर्च सुमारे 75 डॉलर. त्या विमानाचे नाव होते वायकीकी बीच: त्या बेटावरचा किनारा आणि कारखान्याचा मालक, दोन्ही एका शब्दात!

पण असे विमान बाळगणे म्हणजे मोटार बाळगणे नव्हे. मोटर, गिअर, दांडे, स्विच, सगळे वजन वाढवतात आणि सगळे बिघडू शकतात. ठरावीक मुदतीने विमान जॅकवर उचलून चाके वर-खाली करून पाहावी लागतात. बोनान्झात वीज गेली तर पुढच्या आसनांमागचा हँडल हाताने सुमारे 50 वेळा फिरवून चाके उतरवायची. एका हाताने, मान वळवून, विमान सांभाळत. शिवाय चाकांचे आणि फ्लॅपचे स्विच इतर बहुतेक विमानांच्या उलट बाजूंना होते. उतरल्यावर फ्लॅप घ्यायला हात जायचा आणि चाकेच मिटायची. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 1980 मध्ये यावर बोट ठेवले.

याहून गंभीर गोष्ट ढगातली. निसरड्या अंगाचे विमान नाक खाली गेले की क्षणात वेग घेते. क्षितिज दिसत नसताना अननुभवी मालक घाबरून दांडी खेचतो आणि शेपटीवर नको तेवढा भार येतो. अशी कित्येक विमाने हवेतच तुटली. दोष विमानाचा की वैमानिकाचा, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. मला विचाराल तर दोघांचाही. 1987 मध्ये शेपटीच्या मुळाशी मजबुतीकरण सक्तीचे झाले, पण उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न घेता ढगात शिरणाऱ्याला पत्र्याचा आधार कितीसा पुरणार? अशा घसरणीत चाके खाली सोडली तर तीच ब्रेकचे काम करतात. ज्यांना लपवण्यासाठी एवढा खटाटोप, तीच अडचणीला धावून येतात.

आमच्या वेळी कॅडेट दीपकवर उडायला शिके. त्याची चाके कायम खालीच, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती. आता दुंडिगलला पिलाटसवर पहिल्या दिवसापासून चाके मिटतात. म्हणून तुमच्यापैकी जे तिथे जातील त्यांना चेकलिस्टमधला हा शब्द आमच्यापेक्षा लवकर भेटेल.

29 नोव्हेंबर 1950 रोजी हृदयविकाराने वॉल्टर बीच गेले. वय 59. कारखान्याच्या अध्यक्षपदी ओलिव्ह अ‍ॅन आल्या आणि 1968 पर्यंत राहिल्या. व्ही शेपटीचे बोनान्झा 1982 पर्यंत बनत राहिले. सगळे प्रकार धरून बोनान्झांची संख्या 17,000 च्या पुढे गेली. वायकीकी बीच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवले आहे.