हँडल मारण्यातून सुटका करणारा केटरिंग

आज बटण दाबलं की गाडी सुरू. पण १९१० च्या आसपास गाडी सुरू करणं हे पहिलवानाचं काम होतं. गाडीसमोर वाकून हँडल मारायचं. थंडीत ऑइल घट्ट, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, इंजिन काही केल्या दाद देत नाही. त्यात स्पार्क उशिरा पडेल असा लिव्हर मागे घ्यायला विसरलं, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच मिश्रण पेटायचं. इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं! ही पीडा घालवली चार्ल्स केटरिंगने.

जन्म २९ ऑगस्ट १८७६, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेतकरी घरात. डोळे लहानपणापासून अधू. त्यापायी कॉलेज मध्येच सोडावं लागलं, तेव्हा पठ्ठ्या टेलिफोन लाइनच्या कामाला लागला. पुन्हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत येऊन १९०४ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. वय तेव्हा २७! वाय.डी. लागलेल्यांनी नोंद घ्यावी.

डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याने गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटर बसवली. पुढे १९०९ मध्ये एडवर्ड डीड्सबरोबर डेल्को कंपनी काढली. डीड्सच्या घरामागचं कोठार हेच त्यांचं वर्कशॉप. कॅडिलॅक कंपनीला हँडलला पर्याय हवा होता. पण इंजिन फिरवेल एवढी मोटर गाडीत मावणार कशी? केटरिंगला गल्ल्याची मोटर आठवली. तिला दिवसभर फिरायचं नसतं, क्षणभर जोर लावायचा असतो. स्टार्टरचंही तेच. काही सेकंदच चालायचं, तर छोट्या मोटरला भरपूर करंट दिला तरी ती तेवढ्यात जळत नाही. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करणार. १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलमध्ये सेल्फ आला आणि हळूहळू हँडल गेलं.

१९२० ते १९४७ तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. तिथेच १९२१ मध्ये त्याचा सहकारी थॉमस मिजली याला शोध लागला, की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाचं नॉकिंग थांबतं. शिसं विषारी हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये ते रसायन बनवणारे काही कामगार दगावले. तरी १९२५ च्या सरकारी परिषदेत केटरिंगने त्याचीच बाजू मांडली. त्या पेट्रोलचा धूर पुढे कित्येक पिढ्यांनी श्वासात घेतला. गाड्यांसाठी ते भारतात २००० साली बंद झालं, जगात २०२१ मध्ये.

केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ रोजी वारला. मोटर किती वेळ चालणार, या एका प्रश्नावर त्याने हँडलचं कोडं सोडवलं. शिसं हवेत आणि रक्तात किती वेळ राहणार, हा प्रश्न मात्र त्याने मनावर घेतला नाही. आपल्या प्रोजेक्टला दोन्ही प्रश्न विचारायला काय हरकत आहे?