जनरल ग्रँट : यादवी युद्धाचे विजेते, मुंबई-जबलपूर मार्गाचे प्रवासी

अमेरिकेच्या यादवी युद्धातील विजयी सेनापती आणि त्या देशाचे अठरावे अध्यक्ष युलिसिस एस. ग्रँट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत दाखल झाले. अध्यक्षपदावरून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम दोन वर्षे होत होती. पत्नी ज्युलिया यांच्यासह ते जगप्रवासास निघाले होते. मलबार पॉइंट येथील सरकारी निवासस्थानी काही दिवस मुक्काम करून त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा रस्ता धरला.

त्या काळी मुंबईहून अलाहाबादकडे जाणारा लोहमार्ग जबलपूरवरून जात असे. बडा फुहाऱ्याभोवतीच्या जुन्या बाजारपेठेसाठी आज ओळखले जाणारे हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादहून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये येथे जोडले गेले आणि मुंबई व कलकत्ता ही महानगरे प्रथमच रेल्वेने एकमेकांशी जोडली गेली. ग्रँट यांच्या अध्यक्षपदाचे तेव्हा पहिलेच वर्ष सरले होते. नऊ वर्षांनी याच मार्गाने प्रवास करणारे ग्रँट कोणत्याही पदावर नव्हते.

मुंबईतील ग्रँट रोड आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय यांच्या नावांशी मात्र या अमेरिकन अध्यक्षांचा संबंध नाही. ती नावे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ देण्यात आली आहेत.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव हायरम युलिसिस ग्रँट. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता आणि गुलामगिरीला त्यांचा कडवा विरोध होता. मुलाला त्या व्यवसायाची घृणा होती. त्याचे मन घोड्यांत रमे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयासाठी त्याची शिफारस करताना लोकप्रतिनिधीने नाव चुकीचे लिहिले आणि युलिसिस एस. ग्रँट हेच नाव पुढे कायम झाले. १८४३ मध्ये पदवी घेतलेल्या ३९ विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक एकविसावा होता.

मेक्सिकोबरोबरच्या युद्धात (१८४६-४८) त्यांनी शौर्य गाजवले. तथापि हे युद्ध अन्यायाचे होते, असे त्यांनी पुढे स्पष्टपणे नमूद केले. १८४८ मध्ये त्यांचा विवाह मिसुरीतील ज्युलिया डेंट यांच्याशी झाला. डेंट कुटुंब गुलाम बाळगणारे असल्याने ग्रँट यांचे आईवडील या विवाहास उपस्थित राहिले नाहीत.

कुटुंबापासून दूर, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एका ठाण्यावर असताना त्यांनी १८५४ मध्ये लष्कराचा राजीनामा दिला. मद्यपानाचा प्रवाद तेव्हापासून त्यांना आयुष्यभर चिकटून राहिला. पुढची काही वर्षे अपयशाची होती. शेती फसली, सेंट लुइसच्या रस्त्यांवर त्यांनी सरपणाची लाकडे विकली. या ओढग्रस्तीच्या काळातही, मार्च १८५९ मध्ये, आपल्या मालकीचा एकमेव गुलाम विल्यम जोन्स याला त्यांनी मुक्त केले. त्याला विकले असते तर मोठी रक्कम हाती आली असती. १८६० मध्ये अखेर ते इलिनॉय राज्यातील गलीना येथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागले.

रणांगणावरील उदय

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि ३८ वर्षांच्या या दुकान-मदतनिसाचे आयुष्य पालटले. फेब्रुवारी १८६२ मध्ये डोनल्सन किल्ला बिनशर्त शरणागतीच्या मागणीवर घेतल्याने त्यांचे नाव देशभर झाले. एप्रिलमधील शायलोच्या लढाईत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २४ हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. ग्रँट यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. अध्यक्ष लिंकन यांनी मात्र त्यांना दूर केले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या अखत्यारीतील प्रदेशातून ज्यू लोकांना हद्दपार करण्याचा आदेश ग्रँट यांनी काढला. लिंकन यांनी तो काही आठवड्यांतच रद्द करविला. त्यांच्या चरित्रावरील हा डाग मानला जातो.

४ जुलै १८६३ रोजी मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग शरण आले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. मार्च १८६४ मध्ये लिंकन यांनी सर्व सैन्याची सूत्रे ग्रँट यांच्या हाती सोपविली. व्हर्जिनियातील पुढील लढाया अतिशय रक्तरंजित ठरल्या. अखेर ९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. ग्रँट यांच्या अटी उदार होत्या. पराभूत सैनिकांना घरी जाऊ देण्यात आले, नांगरटीसाठी स्वतःचे घोडे नेण्याची मुभा मिळाली आणि उपाशी सैन्याला शिधा देण्यात आला.

या युद्धाचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले होते. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअर बाजारात सट्टा फोफावला. युद्ध संपल्याची वार्ता येताच भाव कोसळले आणि १८६५ च्या मध्यास मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यालाही त्याचा फटका बसला. अपोमॅटॉक्सची शरणागती ही मुंबईच्या बाजाराच्या दृष्टीने अशी अनर्थाची वार्ता ठरली.

अध्यक्षपदाची आठ वर्षे

१८६८ ची निवडणूक जिंकून ग्रँट यांनी ४ मार्च १८६९ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. युद्धाने चाळीस लाख गुलाम मुक्त झाले होते. पण त्या मुक्तीला कायद्याचे संरक्षण कसे द्यायचे, हा प्रश्न सुटलेला नव्हता. वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये संमत झाली. ग्रँट यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेविरुद्ध १८७१ मध्ये कठोर कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत लष्कर पाठवून ग्रँट यांनी शेकडो जणांना अटक करविली आणि ती संघटना मोडून काढली.

याच काळात, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना जोतीरावांनी तो अर्पण केला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने अनेक कृष्णवर्णीय नागरिकांची हत्या केली होती. या प्रकरणातील आरोपींच्या शिक्षा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविल्या. ज्या मुक्तीचे पुण्यात कौतुक होत होते, ती तिच्या मायभूमीत धोक्यात आली होती.

दुसरीकडे, माणसांवर चटकन विश्वास ठेवण्याचा ग्रँट यांचा स्वभाव त्यांना भोवला. मद्यावरील कर बुडविणाऱ्या टोळीशी त्यांच्या खासगी चिटणिसाचे नाव जोडले गेले. लाच घेतल्याच्या आरोपावरून युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांना १८७६ मध्ये पद सोडावे लागले. ग्रँट यांनी स्वतः पैसा खाल्ल्याचे कधीही सिद्ध झाले नाही. पण स्नेह्यांना पाठीशी घालण्याची किंमत त्यांच्या शासनाने मोजली. १८७३ च्या आर्थिक मंदीने उत्तरेतील जनतेचा दक्षिणेतील प्रश्नांविषयीचा उत्साह ओसरला. मूलनिवासी इंडियन जमातींशी शांततेचे धोरण जाहीर करूनही त्यांच्याच कारकिर्दीत सोन्याच्या लोभाने ब्लॅक हिल्सचा प्रदेश सू जमातीकडून हिरावला जाऊ लागला. ग्रँट पायउतार झाल्यावर १८७७ मध्ये दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे असलेले अखेरचे सैनिकही हलविण्यात आले.

जगप्रवास आणि दिवाळखोरी

मे १८७७ मध्ये निघालेल्या ग्रँट यांनी राणी व्हिक्टोरिया आणि बिस्मार्क यांच्या भेटी घेतल्या. हिंदुस्थानात त्यांनी मुंबई, आग्रा, दिल्ली, बनारस आणि कलकत्ता पाहिले. पुढे चीन व जपान यांच्यातील र्युक्यू बेटांच्या वादात त्यांनी सल्लाही दिला. सप्टेंबर १८७९ मध्ये ते मायदेशी परतले. पुढील वर्षी तिसऱ्यांदा अध्यक्षपदाची उमेदवारी मिळविण्याचा त्यांच्या समर्थकांचा प्रयत्न ३६ फेऱ्यांच्या मतदानानंतर असफल झाला.

त्यानंतर त्यांनी आपली पुंजी मुलाच्या भागीदारीतील न्यूयॉर्कच्या एका पेढीत गुंतविली. पेढीतील भागीदार फर्डिनंड वॉर्ड याने फसवणूक केली आणि मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या कर्जापोटी ग्रँट यांनी युद्धातील मानचिन्हे आणि प्रवासात मिळालेल्या भेटवस्तूही देऊन टाकल्या. त्याच वर्षी त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले.

कुटुंबाची सोय लावण्यासाठी त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. विख्यात लेखक मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे निव्वळ नफ्याचा सत्तर टक्के वाटा देऊ केला. अन्न गिळणे अशक्य झाले, वाचा गेली, तरी ग्रँट लिहीत राहिले. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर अवघ्या काही दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले. या ग्रंथाने ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळवून दिले. त्यातील साधी, नेमकी भाषा आजही वाखाणली जाते.

ट्वेन यांची प्रकाशनसंस्था पुढे १८९४ मध्ये बुडाली. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला आणि १८९६ मध्ये तेही मुंबईहून अलाहाबादकडे गेले.

इतिहासाचा बदललेला कौल

ग्रँट यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीचे मानकरी म्हणून त्यांचे सहकारी सेनानी होते, तसेच दक्षिणेचे सेनानीही होते. डोनल्सन किल्ला त्यांच्या स्वाधीन करणारे सायमन बकनर त्यांपैकीच एक. हडसन नदीकाठच्या त्यांच्या समाधीचे अनावरण १८९७ मध्ये झाले.

त्यानंतर मात्र अनेक दशके भ्रष्ट कारभार आणि मद्यपान एवढीच त्यांची ओळख उरली. दक्षिणेच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लष्कर धाडणारा अध्यक्ष मान्य होण्यासारखा नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरी हक्कांच्या चळवळीनंतर ही दृष्टी बदलली. गैरव्यवहारांची नोंद कायम ठेवूनही, मुक्त गुलामांच्या बाजूने सत्ता वापरणारे अध्यक्ष म्हणून अभ्यासक आज त्यांचा गौरव करतात. त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दी वर्षात, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च सेनापतिपद देण्यास संमती दिली.

पंधराव्या घटनादुरुस्तीने दिलेला मताधिकार दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात बजावता यावा, यासाठीचा प्रभावी कायदा ऑगस्ट १९६५ मध्ये झाला. अपोमॅटॉक्सच्या शरणागतीला तेव्हा शंभर वर्षे उलटली होती.