पतंगांचे हॅम्पसनसाहेब

समजा, तुमच्या टेबलावर टाचणीला टोचलेले पन्नास पतंग ठेवलेत. सगळे आफ्रिकेतून आलेले, फिकट पंखांवर काळे ठिपके असलेले. कोण कोणाचा भाऊबंद, ते तुम्हाला सांगायचंय. मोबाइल नाही, डीएनए चाचणी नाही. हातात फक्त भिंग. कसं ठरवाल?

जॉर्ज हॅम्पसन यांनी अशा कोड्यांमागे आयुष्य घालवलं. जन्म १८६० चा, इंग्लंडमधल्या सरदार घराण्यातला. ऑक्सफर्डला शिकून ते चहाचा मळा बघायला आपल्याकडे निलगिरीत आले. पण तिथे चहापेक्षा पतंग आणि फुलपाखरांनीच त्यांना जास्त वेड लावलं. मायदेशी परतल्यावर ते लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये चक्क स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. १८९१ मध्ये निलगिरीतल्या पतंगांवर त्यांचं पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी भारतातल्या पतंगांवरच्या चार खंडांतला पहिला. म्युझियमची रीतसर नोकरी मिळाली १८९५ मध्ये. म्हणजे पस्तिशीत!

मग त्यांनी म्युझियममधल्या जगभरच्या पतंगांची सूची करायला घेतली. १९०१ चा तिसरा खंड टायगर मॉथचा. हे पतंग बरेचदा भडक, पट्ट्या-ठिपक्यांचे असतात आणि त्यांचे सुरवंट केसाळ. पण नुसत्या रंगावर गेलात तर फसाल, कारण एकाच जातीतले नर आणि मादीसुद्धा वेगळे दिसू शकतात. म्हणून हॅम्पसन शरीराची ठेवण बघायचे. सोंड पूर्ण वाढलेली की खुरटलेली? मिशा कंगव्यासारख्या की साध्या? पायांवर काटे किती? आणि मुख्य म्हणजे पंखांतल्या शिरा. प्रत्येक शिरेला आकडा, आणि कोणती शीर कुठून फुटते याची नोंद. उत्तर असं आलं तर या वाटेने जा, तसं आलं तर त्या वाटेने. असं करत तुम्ही बरोबर प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत पोचता.

पण यातही एक गोची होती. शिरांची ठेवण जुळते म्हणून हॅम्पसन यांनी आफ्रिकेतले कितीतरी ठिपकेवाले पतंग ‘डायाक्रिसिया’ या एकाच प्रजातीत बसवले. पुढच्या अभ्यासकांनी पतंगांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा ती भिन्न निघाली. मग ती मोट सुटली आणि आफ्रिकेतल्या जाती वेगवेगळ्या प्रजातींत गेल्या. डीएनएचा जमाना आला, तसं टायगर मॉथचं स्वतंत्र कुळही राहिलं नाही. आता ते एका मोठ्या कुळातलं उपकुळ आहे.

मग मेहनत पाण्यात गेली का? तुम्हीच बघा. आपण कोणत्या खुणेवरून काय ठरवलं, हे हॅम्पसन यांनी प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवलं होतं. त्यामुळे नंतर येणाऱ्याला नेमकं काय पुन्हा तपासायचं, ते कळलं. मनाला वाटेल तशी वर्गवारी केली असती, तर ती चूक आहे हेसुद्धा सिद्ध करता आलं नसतं.

१९२० पर्यंत सूचीचे पंधरा खंड झाले. १९३६ मध्ये हॅम्पसन गेले. प्रजाती बदलल्या तरी त्यांनी पहिल्यांदा वर्णन केलेल्या जातींच्या शास्त्रीय नावापुढे आजही ‘हॅम्पसन’ लिहितात.

आज रात्री होस्टेलच्या ट्यूबलाइटवर पतंग आला, तर हाकलण्याआधी त्याच्या मिशा बघा. कंगव्यासारख्या आहेत की साध्या?