डिग्री नाही, पगार नाही, तरी तळेगावात बसून गोनीदांनी लेखणीवर घर चालवलं

पावसाळा सुरू झाला की मावळातल्या पवना धरणाचे रील्स मोबाईलवर यायला लागतात. पाण्याच्या कडेला तंबू, शेकोटी, गिटार आणि मागे ढगात घुसलेला एक टोकदार डोंगर.

तो डोंगर म्हणजे तुंग किल्ला.

आणि समोर जे निळंशार पाणी दिसतं ना, तिथं 1970 च्या आधी भाताची खाचरं होती, वाड्या होत्या, देवळं होती. हे सगळं पाण्याखाली जाण्याआधी एक माणूस त्या खोऱ्यात पायी हिंडला आणि तिथली माणसं त्याने कादंबरीत आणली. कादंबरीचं नाव 'पवनाकाठचा धोंडी' आणि लिहिणारे गोपाळ नीलकंठ दांडेकर. म्हणजे आपले गोनीदा.

आजच्या पिढीला ओळख सांगायची तर अभिनेत्री मृणाल कुलकर्णी यांचे आजोबा. पण ही ओळख फारच तोकडी आहे. कारण नोकरी करावी की आवडीचं काम करावं, लिहून पोट भरतं का, हे जे प्रश्न आज पंचविशीतली पोरं रात्री दोन वाजता एकमेकांना विचारत बसतात, त्या प्रश्नांना हा माणूस पन्नास वर्षं थेट भिडला होता.

8 जुलै 1916 ला गोनीदांचा जन्म झाला, विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला. आडनाव कोकणातलं, पण पहिली भाषा कानावर पडली ती वऱ्हाडी.

वय वर्षं तेरा. देशात स्वातंत्र्यलढ्याचं वारं होतं. या पोरानं शाळा सोडली, घर सोडलं आणि आंदोलनात उडी मारायला निघून गेला. सातवीतच शिक्षण संपलं. पुढं कुठल्या कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, कुठली पदवी मिळवली नाही.

आजच्या भाषेत बोलायचं तर बायोडेटात लिहायला काहीच नव्हतं.

पण पुढची वर्षं बघा. हा मुलगा गाडगेबाबांच्या सहवासात आला. बाबा हातात खराटा घेऊन गावं झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायचे. त्यांचं सांगणं लोकांपर्यंत न्यायला तो गावोगाव फिरला. मग वेदान्ताचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा पायी केली. औंधला पंडित सातवळेकरांकडे काम केलं. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचंही काम केलं. कधी देवळात मुक्काम, कधी धर्मशाळेत, जे मिळेल ते खायचं आणि पुढं चालायचं.

तेव्हा कोणालाही वाटलं असतं की पोरगं वाया गेलं. घरच्यांना तर नक्कीच वाटलं असणार. तिशी जवळ आली तरी हातात एक धड काम नाही, हे आपल्याकडच्या कुठल्या बापाला पचतं?

मग आलं 1947. देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी गोनीदांनी ठरवलं की आता फक्त लिहून जगायचं.

हा निर्णय किती धाडसाचा होता ते कळायला तेव्हाच्या मराठी साहित्यिकांकडे बघावं लागतं. वि. स. खांडेकरांनी कितीतरी वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिकवलं. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मर्ढेकर, बा. भ. बोरकर, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी आकाशवाणीत नोकरीला. मोठमोठी माणसं, पण एक तारखेचा पगार कुठून ना कुठून येत होता. यात कमीपणाचं काही नाही. मराठी पुस्तकाची आवृत्तीच एवढी लहान असायची की त्यावर घर चालवायचा विचार शहाण्या माणसाने करू नये.

गोनीदांनी तो केला. तोही पुण्यामुंबईत प्रकाशकांच्या शेजारी बसून केला नाही, तर तळेगाव दाभाड्यात घर करून केला.

आता तुम्ही म्हणाल, तळेगाव काय लांब आहे? आज नाही. तेव्हा ते लहान गाव होतं. पण नकाशा उघडून बघा. पुणे-मुंबई रेल्वेवरच्या या गावातून पुढं कामशेत, मळवली, लोणावळा ही स्टेशनं ओळीने येतात. कामशेतवरून पवनेच्या खोऱ्यात उतरता येतं, मळवलीवरून लोहगड-विसापूर, लोणावळ्याहून राजमाची. चालण्याचं वेड असलेल्या लेखकाला याहून सोयीचं बिऱ्हाड सापडणं अवघड.

मग पोट कसं भरलं? उत्तर अगदी साधं आहे. भरपूर लिहून.

एखादी कादंबरी लिहायची आणि दहा वर्षं तिच्या चर्चेवर काढायची, ही चैन त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी कुमारांसाठी लिहिलं. चरित्रं लिहिली, प्रवासवर्णनं लिहिली, पुराणातल्या कथा सांगितल्या. ज्ञानेश्वरांवर 'मोगरा फुलला', तुकोबांवर 'तुका आकाशाएवढा', समर्थ रामदासांवर 'दास डोंगरी राहतो'. शिवकाळावर तर सलग पाच कादंबऱ्या केल्या. 'बया दार उघड'पासून 'हे तो श्रींची इच्छा'पर्यंत.

खरं सांगायचं तर एवढं लिहिल्यावर सगळं सारखं उतरत नाही. संतांवरच्या कादंबऱ्यांत लेखक कधी कधी हात जोडून उभा राहतो आणि माणूस दिसायचा राहून जातो, असं निदान मला तरी वाटतं. पण जिथं ते स्वतः पायी गेले, जिथल्या माणसांच्या ओसरीवर बसले, तिथलं लिहायला घेतलं की त्यांचा हात धरणारा शोधावा लागतो.

इथं त्या वाया गेलेल्या वर्षांचा हिशोब लागतो.

वऱ्हाडातलं बालपण 'पूर्णामायची लेकरं'मध्ये आलं, तेही वऱ्हाडी बोलीचा ठसका घेऊन. नर्मदेची परिक्रमा 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मध्ये आली. कोकणातलं मोडत चाललेलं गाव 'पडघवली'त आलं, तिथल्या बायकांच्या तोंडच्या भाषेत. ठाकरांचा ढोल 'जैत रे जैत'मध्ये घुमला. गाडगेबाबांची संगत पुढं 'देवकीनंदन गोपाला' या सिनेमाच्या लेखनात कामी आली.

एकाच लेखकाने इतक्या बोली इतक्या सहज लिहाव्यात ही गोष्ट मराठीत फार वेळा घडलेली नाही. ती ऐकायला त्या त्या गावात राहावं लागतं. नोकरीतली आठवड्याची सुट्टी त्याला पुरत नाही.

आता वळू मावळाकडे, कारण आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी इथंच घडल्या.

1950 च्या दशकात गोनीदांनी मावळावर दोन छोट्या कादंबऱ्या लिहिल्या. पहिली 'पवनाकाठचा धोंडी'. तुंगच्या पायथ्याचा हा धोंडी. घराण्याकडे किल्ल्याच्या हवालदारीचा जुना मान. आता राज्य गेलं, फौज गेली, किल्ल्यावर गवत माजलं. पण धोंडीच्या डोक्यातून हवालदारी काही जात नाही. पगार नाही, हुकूम देणारा नाही, तरी तो आपल्याला किल्ल्याचा राखणदार समजतो आणि तसंच वागतो. या कादंबरीवर 1966 साली सिनेमाही आला.

दुसरी 'माचीवरला बुधा'. ही राजमाचीवर घडते. बुधा हा आयुष्य मुंबईत घालवून म्हातारपणी माचीवर परत आलेला माणूस. मुंबईत घर आहे, आपली माणसं आहेत, पण जीव रमत नाही. तो डोंगरावर येतो, खोपटं उभं करतो आणि झाडं, पाखरं, कुत्रा यांच्या संगतीत राहायला लागतो. कथा म्हणावी तर एवढीच. भांडण नाही, खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही. तरी पुस्तक हातातून सुटत नाही.

आज शहरातली नोकरी सोडून गावी शेती करायला गेलेल्या माणसाचे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात. बुधाने तेच सत्तर वर्षांपूर्वी केलं होतं, फक्त त्याचं शूटिंग करायला कोणी नव्हतं.

या दोन्ही पुस्तकांकडे लेखकाच्या धंद्याच्या नजरेतून बघा. एक माणूस असा की ज्याला कामाचा मोबदला मिळत नाही आणि तरी तो काम सोडत नाही. दुसरा असा की शहरातली चाकरी सोडून त्याला पाहिजे तिथं जाऊन बसतो. गोनीदांनी स्वतःबद्दल लिहितोय असं कुठं सांगितलं नाही. पण तळेगावच्या घरात पगाराशिवाय बसून लिहिणाऱ्या माणसाला ही दोन पात्रं कुठून सुचली असतील, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

हाच माणूस किल्ल्यांचाही. आज ट्रेकिंग ग्रुपमध्ये बाराशे रुपये भरून जागा पकडावी लागते. गोनीदा गडांवर जायचे तेव्हा वाट विचारायला गुराखी सापडला तरी नशीब. राजगड, रायगड, तोरणा आणि घराजवळचे मावळातले गड त्यांनी पुन्हा पुन्हा चढले, ऋतू बदलले की परत चढले. फोटो काढले. 'दुर्गदर्शन', 'किल्ले', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं त्यातून आली. ही पुस्तकं वाचून सह्याद्रीत पहिलं पाऊल टाकलेल्या लोकांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे.

मान मिळाला, पण बराच उशिरा. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर कादंबरीला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गंमत बघा, ही कादंबरी त्याच भटकंतीची आहे जिच्यामुळे कधीकाळी पोरगं वाया गेलं असं वाटलं असणार. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' आला. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, स्मिता पाटील, मोहन आगाशे. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातली गाणी आजही लग्नाच्या वरातीपासून गॅदरिंगपर्यंत वाजतात. मूळ कादंबरी कोणाची हे मात्र नाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, हा प्रश्नच आहे.

1981 ला अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. सातवीत शाळा सोडलेला माणूस मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर बसला, आणि तेही त्याच्या वऱ्हाडातच.

एक गोष्ट मात्र राहून राहून डोक्यात येते.

गोनीदांनी भाक्रा धरण बांधणाऱ्या माणसांवर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही मोठी कादंबरी लिहिली. देश उभा राहतोय, नदीला बांध पडतोय, याचा त्या काळाला वाटणारा अभिमान तिच्यात आहे. आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या घराजवळच, पवनेवर धरण झालं. पिंपरी-चिंचवडला पाणी मिळालं. धोंडीचं खोरं बुडालं, गावं उठली. धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न त्यानंतर कितीतरी वर्षं मावळात गाजत राहिला. ज्या माणसाने धरण बांधणाऱ्यांची गाथा गायली, त्याच्याच कादंबरीचा मुलूख धरणात गेला.

1 जून 1998 ला गोनीदा गेले. मागे त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन सुरू राहिलं. मुलगी डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि पुढं नातवंडं, पतवंड यांनी नाट्यगृहांत बसून या कादंबऱ्या लोकांना वाचून दाखवल्या. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, नुसती हातात संहिता, आणि समोर लोक दोन-दोन तास ऐकत बसलेले.

राजमाचीला जायचं असेल तर लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे. पावसात जीपगाड्याही चिखलात अडकतात, त्यामुळे चाललेलं बरं. वर उधेवाडी गाव लागतं, एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन. शनिवार-रविवारी काजवे बघायला आणि पावसात भिजायला एवढी गर्दी असते की बुधाला माचीवर बसायला जागा मिळाली नसती. शक्यतो मधल्या वारी जा. जाताना पिशवीत 'माचीवरला बुधा' टाका, पुस्तक लहान आहे, एका मुक्कामात वाचून होतं.