गाडीला ‘सेल्फ’ देणारा केटरिंग

बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, गॅरेजमध्ये जाऊन ‘स्टार्टर मोटर’ असं कुणी म्हणत नाही. सेल्फ गेलाय, सेल्फ उचलत नाही, एवढं सांगितलं की मेकॅनिकला कळतं. हा सेल्फ गाडीत बसवून दाखवला तो अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या चार्ल्स केटरिंगने.

त्याचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरातला. डोळे लहानपणापासूनच अधू. वाचायला बसलं की डोकं ठणकायचं. आधी शाळामास्तरकी केली, मग कॉलेजात नाव घातलं, पण डोळ्यांनी साथ दिली नाही म्हणून शिक्षण सोडून टेलिफोनच्या तारा ओढायच्या टोळीत खांब रोवायचं काम धरलं. पुन्हा कॉलेजात गेला तेव्हा सोबतचे विद्यार्थी त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरची पदवी हातात पडली १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

नोकरी लागली डेटन शहरात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत. तोवर ही यंत्रं हाताने दांडा फिरवून चालायची. केटरिंगने त्यांना विजेची मोटर बसवली. हे काम पुढे कामी येणार होतं.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढून हँडल मारायचं. आपल्याकडच्या जुन्या जीप-अँबेसेडरवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. स्पार्क आधी मागे घ्यायचा, मगच हँडलला हात लावायचा. हे विसरलं तर पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटायचं आणि हँडल उलटं फिरून मनगटावर, नाहीतर तोंडावर बसायचं. म्हणून तर जुने ड्रायव्हर अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचे. १९०८ मध्ये बायरन कार्टर नावाचा मोटार उद्योजक वारला. रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीला हँडल मारून द्यायला गेला, जबड्यावर तडाखा बसला आणि त्याच दुखण्यात तो गेला, असं सांगतात. तपशिलात मतभेद आहेत, पण कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांचा तो मित्र होता आणि त्याचा मृत्यू त्यांच्या मनाला लागला, असं या कथेत सगळेच सांगतात.

लेलँड केटरिंगकडे वळले याचं कारण, त्याच्या नव्या इग्निशनच्या जोडण्या कॅडिलॅकमध्ये आधीच बसल्या होत्या. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या गोठ्यावजा कोठारात केटरिंग आणि त्याची माणसं संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी राबायची. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली.

अडचण आकाराची होती. इंजिन फिरवायला लागणारा जोर पाहता मोटर इतकी मोठी हवी की ती गाडीत मावणारच नाही, असा जाणकारांचा हिशेब. हिशेब बरोबरच होता, पण दिवसभर चालणाऱ्या मोटरचा. गल्ला उघडणारी मोटर क्षणभरच चालते हे केटरिंगला ठाऊक होतं. इंजिन सुरू करायलाही काही सेकंदच लागतात. मग लहान मोटरवर तेवढ्यापुरता झेपणार नाही इतका भार टाकला तरी चालेल, ती तापून जळायच्या आत काम संपलेलं असेल. फेब्रुवारी १९११ मध्ये ही मोटर कॅडिलॅकमध्ये बसली आणि १९१२ च्या मॉडेलपासून ती गाडीसोबतच मिळू लागली. इंजिन सुरू झालं की तीच मोटर डायनामो होऊन बॅटरी भरायची. जिच्या हातात हँडल मारायचं बळ नाही तीही आता एकटी गाडी काढू शकत होती.

सेल्फच्या आजच्या तक्रारींतही हाच विचार दिसतो. चावी आठ-दहा सेकंदांहून जास्त धरू नका, मध्ये थोडं थांबा, असं मेकॅनिक बजावतो ते मोटर अजूनही थोड्या वेळापुरतीच बनवलेली असते म्हणून. हेडलाइट तर लख्ख लागतोय, मग बॅटरी खराब कशी, हा नेहमीचा वाद. एका हेडलाइटला पाचेक अँपिअर लागतात, सेल्फला शंभराहून जास्त. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला किंवा अर्थिंगची वायर सैल असली तर दिव्यापुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही. म्हणून चावी फिरवताना दिव्याकडे बघायचं. दिवा एकदम मंदावला तर आधी बॅटरी आणि टर्मिनल तपासायचे. दिवा तसाच आणि नुसता टक आवाज, तर सॉलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन ब्रश. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स किंवा त्यातला एकाच दिशेला पकडणारा क्लच. इंजिन सुरू झाल्यावर त्याने उलट मोटरलाच फिरवून उधळून देऊ नये यासाठी असा क्लच केटरिंगच्या पहिल्या जोडणीतही होता. हे न बघता थेट नवा सेल्फ घातला की पैसे वाया जातात.

केटरिंगच्या नावावर दुसरंही खातं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. इंजिनात येणाऱ्या नॉकिंगचा दोष लोक त्याच्याच इग्निशनला द्यायचे. त्यावर उपाय शोधता शोधता डिसेंबर १९२१ मध्ये त्याचा सहकारी थॉमस मिजली शिसं घातलेल्या पेट्रोलपर्यंत पोचला. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवताना पाच कामगार विषबाधेने मेले, इतरांना भ्रम झाले. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं हे या दोघांनी स्वतः तपासलं होतं. तरी धंदा शिशाचाच झाला, आणि ते विकणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष खुद्द केटरिंग होता. एका मित्राच्या मरणातून निघालेल्या शोधाचा कर्ता इथे मात्र डोळेझाक करून पुढे गेला. भारतात हे पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडलं.

१९२० ते १९४७ तो जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख होता. झटपट वाळणारा रंग, रेल्वेची डिझेल इंजिनं ही त्याच्या हाताखालची कामं. तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारं इंजिन मात्र सपशेल फसलं, १९२३ मध्ये विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्याच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था निघाली, ती आजही चालू आहे.

नोव्हेंबर १९५८ मध्ये केटरिंग डेटनजवळच्या आपल्या घरी वारला. आपल्याकडे अँबेसेडर नुकतीच रस्त्यावर येत होती. तिला सेल्फ होता, आणि हँडलही होतंच.