चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे

दरवर्षी स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर या पानांवर संत झाले, समाजसुधारक झाले, देशभक्त झाले. चित्रकाराची पाळी मात्र कधी आली नाही. यंदा ती आम्ही मुद्दाम मागून घेतली. तिचे कारण पुढे ओघाने येईल.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म 21 ऑगस्ट 1910 रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. इंदूर ही होळकरांची राजधानी. तेथील मराठी माणसे बहुधा संस्थानी नोकरीत, शिक्षकीत अथवा वकिलीत असावयाची. अशा घरातील मुलाने हाती कुंचला धरावा, हे त्या काळी सरळ वळणाचे मानले जात नसे. परंतु बेंद्रे यांच्या सुदैवाने त्याच नगरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे कलागुरू होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेल्या या गृहस्थांनी 1927 साली संस्थानच्या आश्रयाने इंदुरास चित्रकलेचे विद्यालय सुरू केले होते.

देवळालीकरांची शिकविण्याची तऱ्हा वेगळी होती. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून व मांडलेल्या भांड्यांवरून वर्षानुवर्षे नकला करावयाच्या, हा तेव्हाचा सर्वत्र रूढ मार्ग. देवळालीकर मात्र विद्यार्थ्यांना भिंतीबाहेर काढीत. नदीकाठ, गल्लीबोळ, बाजार, कौलारू घरे ही त्यांची शाळा. सावली ही काळी नसून तिच्यात आकाशाचा निळा-जांभळा अंश मिसळलेला असतो, हे तेथील मुले डोळ्यांनी शिकत. अपारदर्शक रंगांचे रुंद, निःशंक फटकारे मारून चढते वा उतरते ऊन कागदावर पकडावयाचे, ही त्या विद्यालयाची ओळखच होऊन बसली. बेंद्रे तेथेच निसर्गचित्रकार म्हणून घडले. 1933 साली त्यांनी मुंबई सरकारची चित्रकलेची पदविका मिळविली आणि पुढच्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या एका चित्रास रौप्यपदक लाभले.

याच सुमाराची एक हकीकत आम्हांस त्यांच्या साऱ्या पदकांहून मोलाची वाटते. इंदूरच्या परिसरात निसर्गचित्र रंगवीत असता बेंद्रे यांस तेथेच चित्र काढीत असलेला एक पोरसवदा मुलगा भेटला. मुलाचा हात पाहून ते इतके संतुष्ट झाले की थेट त्याच्या घरी गेले आणि मुलास चित्रकार होऊ द्यावे, असे त्यांनी त्याच्या वडिलांस समजाविले. वडील गिरणीत नोकरी करणारे साधे गृहस्थ. चित्रकलेवर पोट भरते, असे मानण्यास त्यांच्यापाशी काहीच आधार नव्हता. तरीही त्यांनी होकार दिला. तो मुलगा म्हणजे पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. पुढे जगभर नाव झाल्यावरही हुसेन हा प्रसंग कृतज्ञतेने सांगत असत. बेंद्रे तेव्हा स्वतः पंचविशीच्याही आतले. त्यांचे स्वतःचेच बस्तान बसावयाचे होते!

त्यानंतर काही वर्षे काश्मिरात पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून त्यांनी काम केले. तेथील सरोवरे व डोंगर त्यांच्या कुंचल्यास मानवले. 1941 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. 1945 मध्ये ते शांतिनिकेतनास राहून आले, नंदलाल बोस, रामकिंकर बैज यांच्या सहवासात आले. 1947-48 मध्ये अमेरिकेस गेले, न्यूयॉर्कला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि परतताना त्यांनी युरोपातील चित्रसंग्रहही पाहिले.

1950 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखा निघाली, तेव्हा चित्रकला विभागाचे प्रमुखपद बेंद्रे यांजकडे आले. 1959 मध्ये ते त्या शाखेचे अधिष्ठाता झाले. वर्गात ते व्याख्यान थोडे देत. मुलांसमोर उभे राहून चित्रच रंगवून दाखवीत. गुरूने हातचे काही राखून ठेवावयाचे नाही, हा बाणा देवळालीकरांकडून आलेला दिसतो. त्यांचे विद्यार्थी पाहावेत तर एक दुसऱ्यासारखा नाही. ज्योती भट्ट मुद्राचित्रांकडे व खेड्यांतील भिंतीचित्रांच्या छायाचित्रणाकडे वळले, काश्मीरचे गुलाम रसूल संतोष तंत्रमार्गी चित्रांकडे, गुलाममोहम्मद शेख कथनपर चित्रांकडे. शिक्षकाच्या हाताखालून त्याचेच ठसे बाहेर पडू नयेत, ही गोष्ट बोलावयास सोपी. चाळीस मुलांचा वर्ग ज्याने सांभाळला आहे, त्यासच तिचे मोल कळेल. 1955 साली ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक बेंद्रे यांस मिळाले.

आता आमचे कारण. मेहकरच्या परिसरातील एका शाळेत आम्ही गणित शिकवीत होतो. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास आम्ही मागून घेत असू आणि चित्रकलेचे शिक्षक बिचारे मुकाट्याने देत. एकदा एका मुलाच्या गणिताच्या वहीत मागील पानांवर पैनगंगेचा घाट काढलेला आढळला. पाण्यावर सकाळचे पिवळे ऊन होते, पायऱ्यांच्या सावल्या निळ्या होत्या. आम्ही ते पान फाडले व वडिलांस बोलावून मुलाची तक्रार केली. वडिलांनी त्याचे रंग काढून घेतले. आपण मोठे कर्तव्य बजाविले, असेच त्या दिवशी आम्हांस वाटले होते. निळ्या सावल्यांचा अर्थ आम्हांस बेंद्रे यांचे चरित्र वाचताना, सेवानिवृत्तीनंतर उमगला. तो मुलगा पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेसही बसला नाही.

1966 साली बडोदे सोडून बेंद्रे मुंबईस स्थायिक झाले आणि त्यांनी उरलेले आयुष्य केवळ चित्रांस दिले. या काळात बारीक बारीक रंगबिंदूंनी चित्र उभे करण्याची पद्धत त्यांनी आपलीशी केली. पाणी भरणाऱ्या, बाजारास निघालेल्या, गप्पांत रमलेल्या ग्रामीण स्त्रिया हा त्यांचा आवडता विषय झाला. 1969 साली पद्मश्री, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान आणि 1992 साली पद्मभूषण असे गौरव त्यांच्याकडे चालत आले. त्याच 1992 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचे निधन झाले.

यंदाच्या संमेलनात मंडपाच्या उत्तर बाजूस एक कनात मुलांच्या चित्रांसाठी राखून ठेविली आहे. कागद व रंग यांचा खर्च आम्ही उचलला आहे. पालकांनी मुलांची नावे कार्यालयात द्यावीत.